किल्ली हरवलेले खेळ

१९९५ सालच्या ऑगस्टपासून जपानमध्ये रात्रीचे अकरा वाजले की घरोघरचे मोडेम जागे होऊ लागले. एनटीटी या टेलिफोन कंपनीने त्या महिन्यात ‘तेरेहोदाई’ नावाची योजना आणली. रात्री अकरा ते सकाळी आठ या वेळात, आधी नोंदवून ठेवलेल्या दोन क्रमांकांवर कितीही वेळ फोन लावा, महिन्याचे पैसे ठरलेले. एरवी स्थानिक कॉलला तीन मिनिटांना दहा येन पडत. त्यामुळे अकराच्या ठोक्याला सगळे एकदम फोन लावत आणि ओळी तुंबत. आपल्याकडे एसटीडीचे दर रात्री उतरत, तेव्हा पीसीओबाहेर लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

या रात्रींत लोक पत्रव्यवहार करत, वाद घालत, आणि खेळ उतरवून घेत. हे खेळ दुकानातले नव्हते. विद्यार्थी, कारकून, कारखान्यातले तंत्रज्ञ, कोणी डॉक्टर अशा मंडळींनी फावल्या वेळात लिहिलेले होते. काही फुकट, तर काही ‘आधी खेळून पाहा, आवडले तर पैसे पाठवा’ या बोलीवर. या दुसऱ्या प्रकाराला शेअरवेअर म्हणतात. आज या खेळांपैकी किती शिल्लक आहेत, कोण ते शोधत आहे आणि शोधताना नेमके काय आडवे येते, याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटले. विषय गणेशोत्सवाच्या स्मरणिकेला जरा दूरचा आहे खरा. पण वाचता वाचता तो फारसा दूरचा राहत नाही.

शेअरवेअरची कल्पना मूळ अमेरिकेतली. १९८२-८३ च्या सुमारास अँड्र्यू फ्लुगेलमन, जिम नॉफ आणि बॉब वॉलेस या तिघांनी आपापले प्रोग्राम मोकळे सोडले आणि वापरणाऱ्यांकडे स्वेच्छेने पैसे मागितले. वॉलेसने आपल्या प्रोग्रामसाठी ‘शेअरवेअर’ हा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला. जपानमध्ये हे बीज पडले ते एका अगदी वेगळ्या जमिनीत.

ती जमीन म्हणजे एनईसी कंपनीचा पीसी-९८. त्यातला पहिला संगणक, पीसी-९८०१, ऑक्टोबर १९८२ मध्ये बाजारात आला. जगभर आयबीएमच्या धर्तीचे संगणक पसरत असताना जपानने मात्र पुढची दहा-बारा वर्षे या घरच्या यंत्रावर काढली. कारण लिपीचे होते. हजारो कांजी अक्षरे पडद्यावर उमटवणे त्या काळच्या परदेशी यंत्रांना झेपत नव्हते. एनईसीने अक्षरांची चित्रे यंत्रातल्याच एका चिपमध्ये भरून ठेवली आणि प्रश्न सोडवला. १९९० मध्ये आयबीएमने हेच काम निव्वळ सॉफ्टवेअरने करून दाखवले आणि मग हळूहळू तटबंदी ढासळली. पण तोवर पीसी-९८ भोवती एक स्वतंत्र जग उभे राहिले होते. त्याचे प्रोग्राम बाहेरच्या यंत्रांवर चालत नसत आणि बाहेरचे याच्यावर चालत नसत. फ्लॉपीसुद्धा वेगळी. दिसायला आपल्या ओळखीचीच, पण १.४४ ऐवजी सव्वा एमबीची, आणि ड्राइव्ह मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेरे मारणारा. आज कोणाच्या हाती अशी जुनी फ्लॉपी लागली, तर साध्या ड्राइव्हमध्ये ती घालून उपयोग होत नाही. ती कोरी नाही, पण वाचताही येत नाही.

या जगात हौशी खेळ पसरण्याच्या वाटाही खास होत्या. सर्वांत आधी मासिके. १९८२ ते २००३ पर्यंत चाललेल्या ‘मायकॉम बेसिक मॅगझिन’मध्ये वाचकांनी लिहिलेले प्रोग्राम अक्षरशः छापून येत आणि ते घरी बसून एकेक ओळ टंकून घ्यायचे. एक स्वल्पविराम चुकला की खेळ बंद. दुसरी वाट यंत्राची. शिलाई मशीनसाठी आपल्याला माहीत असलेल्या नागोयाच्या ब्रदर कंपनीने १९८६ मध्ये ‘ताकेरू’ नावाचे विक्रीयंत्र दुकानांत बसवले. पैसे टाका, खेळ निवडा, यंत्र कोऱ्या फ्लॉपीवर तो लिहून देणार. त्यावर मोठ्या कंपन्यांबरोबर हौशी मंडळींचे खेळही विकायला असत. हा धंदा १९९७ पर्यंत चालला. फोनच्या तारेतून माल पोचवण्याचे ते तंत्र पुढे कराओकेच्या व्यवसायात कामी आले आणि तिथे मात्र भरपूर पैसा झाला. तिसरी वाट कॉमिकेट या हौशी प्रकाशकांच्या जत्रेची. ही जत्रा २१ डिसेंबर १९७५ रोजी ३२ गट आणि सुमारे ७०० लोकांनिशी सुरू झाली. तिथे हाताने काढलेल्या चित्रकथांशेजारी पुढे फ्लॉपीवरचे खेळही मांडले जाऊ लागले. अशा हौशी निर्मितीला जपानीत ‘दोजिन’ म्हणतात, म्हणजे एका आवडीची माणसे. आपल्या हौशी रंगभूमीसारखेच हे. पदरचे खर्चून करायचे, वर्षातून एकदोनदा लोकांपुढे मांडायचे, आणि उरलेल्या वेळी नोकरी सांभाळायची.

चौथी वाट अर्थात फोनची. १९८७ मध्ये सुरू झालेली निफ्टी-सर्व्ह ही त्यातली बडी सेवा. फोनचे मीटर पळत असल्याने खेळ जितका लहान तितका बरा, म्हणून फायली आवळून लहान करण्याच्या कलेला विलक्षण महत्त्व आले. एलएचए हा त्यातला सर्वांत गाजलेला प्रोग्राम. तो लिहिणारे योशिझाकी हारुयासु व्यवसायाने डॉक्टर होते! त्यांनी तो फुकट वाटला, आणि पुढे ‘डूम’ या जगप्रसिद्ध अमेरिकन खेळानेही आपल्या फायली आवळायला हेच तंत्र वापरले.

खेळ लिहिणाऱ्यांत बायो-१००% नावाचा एक गट होता. ‘सुपर डेप्थ’, ‘पोलस्टार’ असे पीसी-९८ वरचे त्यांचे खेळ सर्वस्वी फुकट असत आणि दुकानातल्या खेळांच्या तोडीचे असत. पुढे यातली काही मंडळी १९९७ मध्ये निघालेल्या द्वांगो कंपनीत गेली आणि त्याच कंपनीने निकोनिको ही व्हिडिओसेवा काढली. पण सगळ्यांच्या वाट्याला असे पुढचे पान आले नाही. बहुतेकांचे एखाद-दुसरे नाटुकले झाले, पडदा पडला, आणि माणूस प्रपंचाला लागला.

आता शेअरवेअरकडे वळू. पैसे भरायची पद्धत अशी होती की खेळाचे पहिले काही टप्पे मोकळे असत. पुढचे उघडायला लेखकाला बँकेतून किंवा टपालाने रक्कम पाठवायची. निफ्टी-सर्व्हने तर ही रक्कम ग्राहकाच्या महिन्याच्या बिलात धरून लेखकापर्यंत पोचवायची सोय केली होती. पैसे मिळाले की लेखक एक सांकेतिक शब्द पाठवी, कधी ग्राहकाच्या नावावरूनच बनवलेला. हीच किल्ली. ‘हिदेमारू’ हा जपानी मजकूर-संपादक याच पद्धतीने ४,००० येनला विकला गेला आणि अजूनही विकला जातो, कारण त्याचा लेखक जागेवर आहे. खेळांचे लेखक मात्र जागेवर राहिले नाहीत.

जपणूक करणाऱ्यांची खरी अडचण इथे सुरू होते, आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभाही हाच आहे. फुकट खेळाची फाईल सापडली की खेळ सापडला. शेअरवेअरची फाईल सापडली तरी हाती लागते ते फक्त अंगण. घराला कुलूप असते. लेखकाचा पत्ता ज्या सेवेवर होता ती बंद, बँक खाते बंद, टोपणनावामागचे खरे नाव कोणाला ठाऊक नाही. आज कोणी हजार येन हातात घेऊन उभा राहिला तरी घेणारा नाही. म्हणजे ज्या युक्तीने लेखकाला त्याच्या कष्टाचे पैसे मिळावेत, त्याच युक्तीने त्याचे काम त्याच्यामागे बंद करून टाकले. दुकानात पेटीतून विकलेले खेळ जुन्या बाजारात सापडतात. फुकटचे खेळ हजारो जणांच्या संगणकांत विखुरलेले असतात. मधल्यामध्ये अडकले ते हे. ज्यांनी त्या काळी पैसे भरले, त्यांच्याकडे किल्ली असते, पण ती कागदाच्या चिटोऱ्यावर किंवा मेलेल्या हार्डडिस्कमध्ये. कोणी कुलूप तोडून प्रोग्राम उघडतात. तांत्रिकदृष्ट्या ते पुष्कळदा अवघडही नसते. प्रश्न असतो तो हक्काचा.

मूळ फायली तरी कुठे मिळतात? फोनवरच्या सेवा एकामागून एक मिटल्या. निफ्टी-सर्व्हची जुनी सेवा ३१ मार्च २००६ रोजी थांबली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हौशी लेखकांनी आपापली पाने जिओसिटीजवर थाटली होती. जपानी जिओसिटीज ३१ मार्च २०१९ रोजी बंद झाले. सूचना सहा महिने आधी दिली होती, तेव्हा इंटरनेट अर्काइव्ह आणि अर्काइव्ह टीम यांच्या स्वयंसेवकांनी जमेल तेवढी पाने उतरवून घेतली. पण ज्या लेखकाला ती सूचना वाचायची होती, तो दहा वर्षांपूर्वीच तिथून उठून गेलेला. त्यामुळे आज शोधकांचा भर असतो जुन्या मासिकांबरोबर आलेल्या सीडींवर. त्या काळी मासिके आणि वेक्टरसारख्या कंपन्या लेखकांची परवानगी घेऊन शेकडो प्रोग्राम एका चकतीवर भरत आणि वाचकांना देत. फोनचा खर्च वाचे म्हणून लोक आनंदाने घेत. रद्दीत गेलेल्या या चकत्याच आता शिलालेखांच्या किमतीच्या झाल्या आहेत. फ्लॉपींची गोष्ट त्याहून नाजूक. जपानचा पावसाळा आपल्या कोकणासारखाच दमट, आणि फ्लॉपीच्या चुंबकी थरावर बुरशी धरते. अशी फ्लॉपी पुसल्यावाचून ड्राइव्हमध्ये घातली तर तीही जाते आणि ड्राइव्हचे डोकेही खराब होते.

फाईल मिळाली, उघडली, की पुढचा अडसर लिपीचा. जपानी मजकूर तेव्हा शिफ्ट-जिस नावाच्या संकेतपद्धतीत साठवला जाई. आजच्या संगणकावर तो तसाच उघडला तर पडद्यावर चित्रविचित्र खुणांचा चिवडा दिसतो. जपानीत याला ‘मोजिबाके’ असे झकास नाव आहे. ‘बाकेरू’ म्हणजे कोल्ह्याने किंवा भुताने रूप पालटणे. हे अक्षरांचे भूत नुसते वाचनात आडवे येत नाही. खेळातल्या चित्रांच्या नि संगीताच्या फायलींची नावेही जपानीत असतात. आवळलेली फाईल चुकीच्या पद्धतीने मोकळी केली की ती नावे बदलतात, आणि खेळ आपल्याच घरातल्या वस्तू न सापडल्यामुळे सुरूच होत नाही. शिवाय विंडोज ३.१ च्या काळातले सोळा-बिटी प्रोग्राम आजच्या चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाहीत. त्यासाठी जुन्या यंत्राची नक्कल करणारे एम्युलेटर लागतात. पीसी-९८ ची नक्कल करणारा ‘नेको प्रोजेक्ट’ हाही हौशी मंडळींचेच काम.

एवढे सोसून काय हाती लागते, याचे सर्वांत मोठे उदाहरण ‘तोहो’ मालिकेचे. झुन या टोपणनावाने काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने १९९७ आणि १९९८ या दोन वर्षांत कॉमिकेटमध्ये पीसी-९८ साठीचे पाच खेळ फ्लॉपीवर विकले. तोवर पीसी-९८ चा सूर्य मावळला होता, त्यामुळे ते फार थोड्यांनी घेतले. २००२ मध्ये आलेल्या विंडोजवरच्या सहाव्या खेळापासून मालिका जगभर पोचली आणि मग लोक मागे वळून पहिले पाच शोधू लागले. त्यांच्या मूळ प्रोग्रामची संहिता प्रसिद्ध झालेली नाही. म्हणून ‘रेक-९८’ नावाच्या प्रकल्पात यंत्रभाषेतला खेळ वाचून त्यावरून मूळ संहिता पुन्हा लिहून काढण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. कसोटी अशी की लिहिलेली संहिता त्या काळच्या टर्बो सी++ मधून काढल्यावर मूळ खेळाशी बाइट न् बाइट जुळली पाहिजे.

आम्हां वडोदेकरांना हे काम ओळखीचे वाटावे. इथल्या प्राच्यविद्या मंदिराने देशभरातल्या पोथ्या ताडून वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात काढली, ती याच चिकाटीने. खेळांचेही पाठभेद असतात. मासिकाच्या चकतीवर एक आवृत्ती, लेखकाच्या पानावर दुरुस्त केलेली दुसरी, जत्रेत विकलेली तिसरी. कोणत्या प्रतीत लेखकाचा हात आणि कोणत्या प्रतीत मधल्या कोणाचा, हे पाहावे लागते. तुलना जरा धिटाईची आहे हे कबूल, पण पद्धत तीच आहे.

काही खेळांचे नशीब चांगले. ‘चो रेन शा ६८के’ हा १९९५ चा नेमबाजीचा खेळ शार्पच्या एक्स६८००० या यंत्रावरचा. ते यंत्र गेले, पण लेखकाने स्वतःच तो विंडोजवर आणला आणि खेळ तरला. अमाया दाइसुके यांनी एकट्याने पाच वर्षे खपून ‘दोकुत्सु मोनोगातारी’, म्हणजे गुहेची गोष्ट, २० डिसेंबर २००४ रोजी फुकट दिली. बाहेरच्या चाहत्यांनी तिचे इंग्रजी रूपांतर केले आणि २०१० मध्ये ती निन्टेन्डोच्या यंत्रावर विकतही आली. चो केंता यांनी ‘तुमिकी फायटर्स’सारखे आपले खेळ संहितेसकट मोकळे ठेवले. त्यामुळे ते इतरांना नव्या यंत्रांवर नेता आले आणि त्या खेळावरून २००८ मध्ये एक व्यापारी खेळही निघाला. तिन्ही ठिकाणी लेखक हजर होता किंवा त्याने दार उघडे ठेवले होते, हे लक्षात घ्यावे.

दार उघडे न ठेवणाऱ्यांचे काय? प्रत्येक जपानी हौशी खेळाबरोबर एक ‘रीडमी’ फाईल असे. तीत खेळाचे नियम, आभार, आणि शेवटी ‘तेन्साई’विषयी एक ओळ. तेन्साई म्हणजे दुसरीकडे उतरवून ठेवणे. कोणी लिही, खुशाल ठेवा. कोणी लिही, आधी कळवा. कोणी लिही, मुळीच नको. जपानी हौशी जगात या ओळीचा मान फार. लेखकाने आपले पान उतरवले तर त्याची इच्छा संपली असे मानून लोक आपल्याजवळची प्रत दुसऱ्याला देत नाहीत. परदेशी संग्राहक मात्र सापडेल ते चढवून मोकळे होतात. यावरून दोन्ही बाजूंनी कडवट शब्द निघतात. कायद्याने पाहिले तर जपानमध्ये २०१८ च्या अखेरीपासून हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे झाली आहे. फ्लॉपी तोवर थांबणार नाही, हे सांगायला नको. आमचे मत असे की प्रत घेऊन ठेवणे आणि ती वाटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीला कोणाच्या इच्छेची आडकाठी असू नये; दुसरीत रीडमीतली ओळ पाळावी. ‘आधी कळवा’ असे लिहिलेल्या आणि नाहीसा झालेल्या माणसाचे काय करायचे, याला मात्र आम्हांलाही सरळ उत्तर सुचत नाही.

संस्थांनी हे काम उशिरा हाती घेतले. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात सीडी, डिस्क यांसारख्या वस्तूंची प्रत देणे ऑक्टोबर २००० पासून कायद्याने आले. त्यात दुकानी खेळही येतात. पण त्याआधीचे, आणि फोनवरून पसरलेले, त्या जाळ्यात सापडत नाहीत. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात १९९८ पासून खेळांच्या जतनाचा प्रकल्प आहे. आमच्या विषयाला सर्वांत जवळची संस्था म्हणजे २०११ मध्ये तोक्योत स्थापन झालेली गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी. तिचे अध्यक्ष जोसेफ रेदों हे जपानमध्ये स्थायिक झालेले फ्रेंच गृहस्थ. आपल्या वस्तूची किंमत बाहेरच्याने येऊन सांगावी, हे काही फक्त आपल्याकडेच होत नाही! ही मंडळी फ्लॉपीतली फाईल नव्हे, तर फ्लॉपीवरचे चुंबकीय चढउतारच जसेच्या तसे टिपून ठेवतात. म्हणजे आज एखादा भाग वाचता आला नाही, तरी उद्या चांगली पद्धत निघाल्यावर त्याच नोंदीवरून पुन्हा प्रयत्न करता येतो. मूळ फ्लॉपीला वारंवार हात लावावा लागत नाही.

मोजिबाकेला मराठीत शब्द नाही, अनुभव मात्र घरोघर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपला सारा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत टंकला जाई, आणि प्रत्येकाची कळपाटी निराळी. नव्वदच्या दशकातल्या स्मरणिका, नाटकांच्या टंकलिखित प्रती, सभासदांच्या याद्या अशाच तयार झाल्या. तो फाँट संगणकावर नसेल, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरे नि टिंबांची रांगोळी दिसते. यावर रूपांतराचे प्रोग्राम आहेत. काहींचा निकाल बरा येतो, जोडाक्षरांत आणि रफारात मात्र हात फिरवावा लागतो. मंडळाच्या कपाटात अशा फ्लॉपींचा एक डबा आहे आणि त्यांतल्या बऱ्याच अजून वाचल्या जातात. ज्या सभासदांच्या घरी जुन्या स्मरणिकांच्या, नाटकांच्या किंवा मंडळाच्या पत्रव्यवहाराच्या फ्लॉपी अथवा सीडी असतील, त्यांनी त्या उत्सवाच्या दहा दिवसांत सायंकाळच्या आरतीनंतर कार्यालयात आणून द्याव्यात. बुरशी दिसली तर घरी पुसू नयेत. कोणत्या साली, कोणत्या फाँटात काम केले होते हे आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून सोबत जोडावे. प्रत घेऊन मूळ वस्तू परत केली जाईल.